‘खाण तशी माती’वाल्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी एक मेसेज ढकलला. तोच आधी आणखी तीन ठिकाणांहून आला होता, तेव्हा न वाचता पुढे गेलो होतो. काकांनी पाठवला म्हणून वाचला. सुरुवातच ‘खाण तशी माती’. मग मजकूर असा: कॅन्सर रक्तातच असतो, आईवडिलांपैकी एकाला झाला की मुलांना व्हायची शक्यता 50 टक्के. स्तनाचा आणि ओव्हरीचा आईकडून येतो, वडिलांच्या बाजूचा संबंध नाही. ज्यांच्या घरात कोणालाच नाही त्यांनी निश्चिंत असावं. बाकीच्यांनी एकदा जनुकांची चाचणी करावी, निगेटिव्ह आली की सुटलात. पॉझिटिव्ह आली तर करण्यासारखं काही नाही, लिहिलेलं टळत नाही, आणि सुया टोचून घेतल्या तर उलट पसरतो. शेवटी जोडलेले हात आणि ‘किमान दहा जणांना पाठवा’.

माझी आत्या 47व्या वर्षी ओव्हरीच्या कॅन्सरने गेली. तिच्या मुलीला 38व्या वर्षी स्तनाचा झाला. ती उपचार घेऊन आज कामावर जाते. मी डॉक्टर नाही, पण या विषयाचं नको तेवढं शिक्षण आमच्या घराला झालं आहे. त्या जोरावर हे लिहितो आहे.

आधी ते 50 टक्के. हा आकडा हवेतून आलेला नाही, म्हणूनच तो जास्त फसवतो. आईवडिलांपैकी एकाच्या एखाद्या विशिष्ट जनुकात बिघाड असेल, तर तो बिघाड प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता 50 टक्के असते. बिघाड जाण्याची, कॅन्सर होण्याची नव्हे. आणि असे जन्मजात बिघाड सगळ्या कॅन्सरपैकी साधारण 5 ते 10 टक्क्यांच्याच मुळाशी असतात. बाकीचे वय, तंबाखू, विषाणू, चरबी, दारू आणि निव्वळ दुर्दैव यांच्या खात्यावर. वडील आयुष्यभर सिगारेट ओढत होते, त्यांना फुफ्फुसाचा झाला, आणि मुलगाही सिगारेट ओढतो. यातला वारसा बहुतेक वेळा जनुकांचा नसून पाकिटाचा असतो.

बिघाड आला तरी पुढे काय होतं, हे आल्फ्रेड नुडसन या संशोधकाने 1971 साली लहान मुलांच्या डोळ्यांतल्या कॅन्सरवरून मांडलं. जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. पेशींना आवर घालणाऱ्या जनुकाची एक प्रत जन्मतःच खराब असली तरी दुसरी काम रेटत असते. तीही एखाद्या पेशीत मोडली की गाडीचे ब्रेक गेले. म्हणजे वारशाने येतो तो अर्धा मोडलेला ब्रेक. बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 ही असा आवर घालणारी दोन जनुकं. बीआरसीए-1 मधला बिघाड हा यातल्या सर्वांत वाईटांपैकी. 2017 साली बीआरसीए-1 आणि 2 मिळून बिघाड असलेल्या जवळपास 10 हजार स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बीआरसीए-1 मध्ये बिघाड असणाऱ्यांना वयाच्या 80 पर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता 72 टक्के आणि ओव्हरीचा होण्याची 44 टक्के निघाली. आकडा भीतीदायकच आहे, गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण बिघाड असलेल्यांतही हे 100 नाहीत, आणि ज्यांना तो मिळालाच नाही त्यांच्यासाठी हे आकडे नाहीतच.

‘वडिलांच्या बाजूचा संबंध नाही’ या वाक्यावर मला राग येतो, कारण आमची काही वर्षं त्यात गेली. माझ्या बहिणीने एका तपासणीच्या वेळी फॉर्म भरला होता. त्यात विचारलं होतं: आईला, बहिणीला, मावशीला कॅन्सर आहे का? तिन्हींना ‘नाही’. आत्यासाठी रकानाच नव्हता. वास्तविक बीआरसीए-1 हे जनुक 17व्या गुणसूत्रावर असतं आणि बीआरसीए-2 13व्या. स्त्री-पुरुष ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी दोघांचाही काही संबंध नाही. बाप तो बिघाड मुलीला तितक्याच सहज देतो जितका आई देते. फरक एवढाच, की बाप स्वतः बहुधा आजारी पडत नाही, त्यामुळे बिघाड एक पिढी गाळून आल्यासारखा वाटतो. तो गाळत नाही, पुरुषाच्या अंगात गुपचूप बसलेला असतो. पूर्ण गुपचूपही नाही म्हणा: बीआरसीए-2 मध्ये बिघाड असेल तर प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि स्तनाचा कॅन्सर पुरुषालाही होतो.

आतेबहिणीची चाचणी पॉझिटिव्ह आली तेव्हा आम्ही जेनेटिक काउन्सेलरकडे, म्हणजे वारशाने येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या बाईंकडे, गेलो. त्या बाईंनी कोरा कागद घेतला आणि काढायला लागल्या: पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, कॅन्सर झालेला असेल तर आतून काळा, गेलेला असेल तर वरून तिरपी रेघ. प्रत्येकाशेजारी वय. आजीचा गोल काढून त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, “पोटाच्या कॅन्सरने गेली.” बाईंचं पेन थांबलं. “पोटाचा म्हणजे कशाचा?”

आपल्याकडे जठर, मोठं आतडं, यकृत, गर्भाशय, ओव्हरी, सगळ्यांचं मिळून एकच पोट. बाबांना ठाऊक नव्हतं. ते तेव्हा नववीत होते आणि घरात त्या दुखण्याचं नावसुद्धा काढत नसत. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “पोटात पाणी व्हायचं तिच्या. आठ-दहा दिवसांनी काढायला न्यायचे.” बाईंनी आजीचा गोल अर्धाच काळा केला आणि शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं. पोटात पाणी होणं हे ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये नेहमी दिसतं, पण तेवढ्यावरून सही करता येत नाही, असं त्यांनी सांगितलं.

मेसेज ज्याला ‘खाण’ म्हणतो ती अशी असते. ‘आमच्या घरात कॅन्सर आहे’ या वाक्याला डॉक्टरच्या दृष्टीने जवळजवळ काही किंमत नाही. कोणाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी, हे हवं असतं. ऐंशीच्या घरातल्या तीन नातेवाइकांना तीन वेगवेगळे कॅन्सर होणं हे बहुधा नुसतं म्हातारपण असतं. पण एकाच बाजूला पन्नाशीच्या आत दोघींना स्तनाचा, किंवा कुठल्याही वयात एकीला ओव्हरीचा, किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा झाला असेल तर कान टवकारावेत. जुने रिपोर्ट रद्दीत घालू नका, एवढंच मी सगळ्यांना सांगत असतो.

‘घरात नाही त्यांनी निश्चिंत असावं.’ याला फार वेळ द्यायला नको. 2001 साली अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली. स्तनाचा कॅन्सर झालेल्या दर नऊ बायकांपैकी आठ जणींच्या आईला, बहिणीला किंवा मुलीला तो नव्हता. निश्चिंत राहून गाठ अंगावर काढणाऱ्या बायका या आठांतल्याच.

चाचणी निगेटिव्ह आली की सुटलात, हे घरातल्या बिघाडापुरतं खरं आहे, पण एका अटीवर: घरात नेमका कोणता बिघाड आहे हे आधी सापडलेलं असलं पाहिजे. म्हणून चाचणी आधी ज्याला कॅन्सर झाला त्याची करतात. आमच्याकडे आतेबहिणीत तो सापडला, मग तोच बाबांमध्ये, तोच माझ्या धाकट्या बहिणीत, आणि माझ्यात नाही. पन्नास टक्के म्हणजे काय ते घरबसल्या कळलं. माझी निगेटिव्ह ही खरी निगेटिव्ह. माझ्या मुलीला या चाचणीची गरज नाही. पण घरात कोणाचंच काही सापडलेलं नसताना एखाद्या निरोगी माणसाची चाचणी निगेटिव्ह आली, तर तिचा अर्थ ‘आपण शोधलं तिथे मिळालं नाही’ इतकाच. घरी थुंकी पाठवून करायच्या किटचं तर विचारूच नका. 2018 साली अमेरिकेत अशा एका किटला परवानगी मिळाली तेव्हा ते बीआरसीएचे फक्त तीन बिघाड तपासत होतं, तेही मुख्यतः अश्केनाझी (मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या) ज्यू लोकांत आढळणारे. ज्ञात बिघाड हजाराहून जास्त आहेत. शिवाय कधी रिपोर्टात ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल येतो. त्याच्या आधारावर कोणताही अवयव काढायचा नसतो.

राहिलं ‘लिहिलेलं टळत नाही’. मेसेजवाल्याला माहीत असती तर त्याने 1895 सालची एक गोष्ट नक्की वापरली असती. मिशिगन विद्यापीठातल्या आल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टला त्याच्याकडे शिवणकाम करणारी बाई म्हणाली, की माझ्या घरातले सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली, तरुणपणी, गर्भाशयाच्या कॅन्सरने. वॉर्थिनने तिचं घराणं 1913 साली छापून नोंदवलं. पण गोष्ट तिथे संपत नाही. आज त्या दुखण्याला लिंच सिंड्रोम म्हणतात, आणि तिच्या घराण्यातला बिघडलेला जनुकही शोधून काढला गेला. तो कोणात आहे हे कळलं की दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करून आतड्यातले कोंब कॅन्सर होण्याआधीच काढून टाकता येतात. डॉक्टरच्या देखरेखीखाली दोन वर्षं रोज 600 मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिलेल्या लिंचच्या लोकांत पुढच्या काळात आतड्याचा कॅन्सर जवळपास निम्म्याने कमी झाला. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला यातलं काहीच मिळालं नाही.

इथे मेसेजची एक गोष्ट मान्य करतो. तपासणी सगळीकडे कामाला येत नाही. ओव्हरीसाठी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी दरवर्षी केली तर जीव वाचतात का, हे ब्रिटनमध्ये 2 लाखांवर बायकांवर तपासलं गेलं. 2021 साली उत्तर आलं: मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणूनच बीआरसीए-1 मध्ये बिघाड असणाऱ्यांना मुलं झाल्यावर, साधारण 35 ते 40 या वयात, ओव्हरी आणि बीजवाहक नळ्या काढून टाकण्याचा सल्ला देतात. बहीण 34 वर्षांची आहे. दरवर्षी स्तनांचा एमआरआय करते, आणि ऑपरेशन पुढच्या वर्षी की त्याच्या पुढच्या, यावर तिची आणि मेहुण्यांची चर्चा चालू आहे. तारीख ती ठरवेल. याला ‘टळत नाही’ कसं म्हणायचं?

सुईचं म्हणाल तर, बायोप्सीच्या (तपासायला गाठीचा तुकडा काढण्याच्या) मार्गात पेशी सांडल्याची उदाहरणं आहेत, पण फार विरळ. जिथे तो धोका खरा आहे, उदाहरणार्थ ओव्हरीची संशयित गाठ, तिथे डॉक्टर स्वतःच सहसा सुई घालत नाहीत. बाकी ठिकाणी बायोप्सीशिवाय उपचार ठरवणं म्हणजे पत्ता न वाचता पत्र टाकणं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही, काकांना फोन केला. ते बाबांचे सख्खे धाकटे भाऊ. त्यांच्यात बिघाड असण्याची शक्यता 50 टक्के, त्यांच्या दोन्ही मुलींची आज प्रत्येकी 25. काका म्हणाले, “मला काही होत नाहीये ना, मग कशाला?” मी आजीबद्दल विचारलं. तेही म्हणाले, “पोटाचा.”

चाचणी त्यांनी अजून केलेली नाही. थोरल्या मुलीने मात्र परवा मला वेगळा मेसेज केला: दादा, तो चौकोन-गोलांचा कागद पाठव. मी फोटो काढून पाठवला. काकांचा चौकोन त्यात पांढरा आहे, आणि त्याच्या खाली दोन गोल.