साखर नाही, मध आहे! (म्हणजे साखरच आहे)

ग्रॅनोला, म्हणजे ओट्स, सुकामेवा आणि बिया मध-तेल लावून भाजलेला नाश्त्याचा पदार्थ. त्याबद्दल एक मजकूर सध्या फिरतोय, मला आतापर्यंत तिघांनी पाठवला. थोडक्यात असा: 'विकतचा ग्रॅनोला म्हणजे साखरेचा डबा. घरी करा. साखरेऐवजी मध घाला, खोबरेल तेल वापरा, ते हृदयाला चांगलं. मग हवा तेवढा खा, वजन उतरेल. तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना चालतो.'

घरी करा, हे मान्य. मीही करते. बाकीच्याबद्दल मात्र बोलायला हवं.

'तान्ह्या बाळालाही चालतो'
शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो धोक्याचा आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो. मधात क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते बाळाच्या आतड्यात रुजले की विष तयार होतं. 'पण आपण भाजतो ना?' हे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात, ग्रॅनोला भाजल्याने ते मरतील असं धरून चालू नका. शिवाय अख्खे बदाम लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, ते वेगळंच.

'साखर नाही, फक्त मध'
मधात साधारण ८० टक्के साखरच असते, उरलेलं बहुतेक पाणी. मोठा चमचाभर मध २१ ग्रॅम भरतो आणि त्यात साखर असते १७ ग्रॅम. त्याच चमच्यात नुसती साखर बसते साडेबारा ग्रॅम. म्हणजे चमच्याला चमचा बदलला तर साखर वाढलीच! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांतही मधातली साखर मर्यादेत ठेवायच्या साखरेतच मोजली आहे. मध घालायचाच तर वासासाठी आणि गोळे धरायला घाला. गोळ्यांसाठी मी फेटलेला अंड्याचा पांढरा भाग घालते, भाजताना फार ढवळत नाही आणि ट्रे पूर्ण गार होईपर्यंत हात लावत नाही. मध निम्म्यावर आला तरी काही बिघडत नाही.

'खोबरेल तेल हृदयाला चांगलं'
खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून जास्त संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) असतो, लोण्यात निम्म्याच्या आसपास. ओट्समधला बीटा-ग्लुकन हा तंतू एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो, आणि हे तेल ते वाढवतं. ज्यासाठी ओट्स घ्यायचे त्यावरच पाणी! सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं तेल घ्या.

'हवा तेवढा खा'
इथे मीही फसले होते. शेवटी वजनकाटा काढून हिशेब मांडला: ओट्स ३०० ग्रॅम, बदाम १००, सूर्यफुलाच्या बिया ५०, मध १००, तेल ७०, बेदाणे ८०. सगळं मिळून सुमारे ३,२०० कॅलरी, म्हणजे १०० ग्रॅमला ४५०च्या वर. जवळजवळ बिस्किटांएवढ्याच. मग मध ५० आणि तेल ३० ग्रॅमवर आणलं. वाटलं, आता आकडा धाडकन खाली येईल. आला ४४०च्या आसपास! कारण कोरडे ओट्सच १०० ग्रॅमला ३८०च्या घरात असतात आणि बदाम ५८०च्या. साखर घटली, तेल घटलं, तो फायदा खराच. पण कोरड्या, तेलकट, दाणेदार पदार्थात थोडक्या वजनात ठासलेल्या कॅलरी कुठे जाणार?

त्यामुळे 'हवा तेवढा' सोडा, ४० ग्रॅम घ्या. एकदा मोजून बघाच, डोळ्यांना ते अगदीच चिमूटभर वाटतं. मी खोलगट वाडगा भरून घ्यायचे तेव्हा शंभराच्या पुढे जात होते. आता आधी दही आणि फळं घेते, ग्रॅनोला वरून भुरभुरते.

'विकतचा म्हणजे साखरेचा डबा'
काही असतात, काही नसतात. पाकिटामागे १०० ग्रॅममागची साखर छापलेली असते, ती वाचा. वरच्या पहिल्या हिशेबात माझ्या घरच्या ग्रॅनोलातच ती १८-१९ ग्रॅम निघाली, त्यातली बरीचशी मधाची, उरलेली बहुतेक बेदाण्यांची. आणि हो, बेदाणे भाजून झाल्यावर मिसळा. ओव्हनमध्ये गेले की खडे होतात आणि कडवट लागतात.