दाखवायचे दात

नवी रोड बाइक घ्यायचे ठरल्यावर तिची फ्रेम निवडायला मला दहा मिनिटे लागली, कारण माझ्या मापात एकच होती आणि ती हिरवी होती. त्या फ्रेमवर कोणता ग्रुपसेट बसवायचा हे ठरवायला मात्र सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत मी माझी जुनी सायकल एकदाही चालवली नाही, कारण सायकलीविषयीच्या अभ्यासातून वेळच मिळत नव्हता.

ज्यांनी या प्रकरणात अजून पाय घातलेला नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो की, ग्रुपसेट म्हणजे सायकलीचे जे जे भाग ओढतात, ढकलतात, फिरतात किंवा थांबवतात त्यांचे एकत्र कुटुंब. हँडलवरचे गिअर बदलायचे शिफ्टर, ब्रेक, चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे पुढचा आणि मागचा डिरेलर, पेडलला पुढच्या चकत्यांशी जोडणारा क्रँक, चेन आणि मागच्या चाकावरची दातेरी चकत्यांची उतरंड, म्हणजेच कॅसेट, ही सारी मंडळी एकाच घराण्यातील असावीत असा दंडक आहे. एका कंपनीचा शिफ्टर दुसऱ्या कंपनीच्या डिरेलरला हुकूम सोडू लागला, तर एका टिचकीला केबल किती ओढायची यावरच दोघांचे एकमत होत नाही आणि चेन दोन चकत्यांच्या मध्ये कुरकुरत बसते. त्यामुळे निवड एकदाच आणि सगळ्यांची मिळून करावी लागते, आणि चुकली तर तीही सगळ्यांची मिळून चुकते.

घराणी मुख्यतः तीन. जपानमधील साकाई येथे १९२१ साली फ्रीव्हील बनवण्यापासून सुरुवात केलेली शिमानो, इटलीतील विचेन्झा येथे १९३३ साली निघालेली कॅम्पान्योलो, आणि शिकागो येथे १९८७ साली मूठ पिळून बदलायचा गिअर घेऊन अवतरलेली स्रॅम. यांपैकी कॅम्पान्योलोच्या जन्माची कथा मला विशेष प्रिय आहे. त्या काळी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक दातेरी चकती असे आणि गिअर बदलायचा म्हणजे खाली उतरून, चाक काढून, उलटे करून पुन्हा बसवायचे. १९२७ च्या नोव्हेंबरात क्रोचे द'आउने नावाच्या खिंडीत, बर्फात, तुलिओ कॅम्पान्योलो या शर्यतपटूची बोटे इतकी गारठली की चाकाचे नट सुटेचनात, शर्यत हातची गेली, आणि त्या चिडीतून चाक झटक्यात सोडवणारी क्विक रिलीजची कळ जन्माला आली, अशी आख्यायिका आहे. ती कितपत खरी याविषयी अभ्यासकांना शंका आहे. मला मात्र तिच्यातला तपशील हेवा वाटावा असा वाटतो. त्या गृहस्थापुढे गिअरचे पर्याय अवघे दोन होते आणि ते पाहायला त्याला कोष्टक मांडावे लागले नव्हते.

माझ्या कोष्टकात एकोणीस रकाने होते.

पहिला रकाना वजनाचा होता, कारण तो भरायला सर्वांत सोपा आणि उपयोगाला सर्वांत निरुपयोगी असतो. प्रत्येक घराण्यात भावंडांची उतरती भाजणी असते. शिमानोत सर्वांत वर ड्युरा-एस, जे १९७३ पासून शर्यतपटूंच्या सायकलींवर विराजमान आहे, त्याखाली अल्टेग्रा, त्याखाली १०५, आणि त्याहीखाली टियाग्रा, सोरा, क्लॅरिस अशी गोड नावांची धाकटी मंडळी. स्रॅममध्ये रेड, फोर्स, रायव्हल, एपेक्स. कॅम्पान्योलोत सुपर रेकॉर्ड, रेकॉर्ड, कोरस. यांत वरच्या भावाने केलेली करामत काही वर्षांनी खालच्याच्या अंगावर येते, जसा थोरल्याचा सदरा धाकट्याला येतो तशी, त्यामुळे थोडा धीर धरल्यास कालचे ड्युरा-एस आजच्या १०५ मध्ये बव्हंशी मिळते. शिमानोच्या इलेक्ट्रॉनिक संचांत सर्वांत वरच्या ड्युरा-एसमध्ये आणि १०५ मध्ये फरक उरतो तो साधारण साडेपाचशे ग्रॅमचा. या साडेपाचशे ग्रॅमवर मी दोन रात्री घालवल्या. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की, मी प्रत्येक फेरीला पाऊण लिटरच्या दोन बाटल्या भरून नेतो आणि त्यांतली एक जशीच्या तशी परत आणतो. शर्यतीच्या सायकलीचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी असू नये असा आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम आहे. वजनाविषयीचा नियम माझ्या बाबतीत करायचाच झाला, तर तो सायकलीसाठी करावा लागणार नाही आणि त्यात 'कमी'च्या जागी 'जास्त' हा शब्द घालावा लागेल. तो रकाना मी खोडला.

दुसरा प्रश्न केबल की बॅटरी हा होता. शिमानोने २००९ साली गिअर बदलण्याचे काम केबलकडून काढून विजेच्या छोट्या मोटारीकडे दिले आणि २०१५ साली स्रॅमने डिरेलरपर्यंतची तारही काढून टाकली. आता बोट नुसते टेकवले की मागे एक बारीकसा गुणगुणाट होतो आणि चेन शिस्तीत पुढच्या चकतीवर जाऊन बसते. केबल ताणली गेली, सैल झाली, गंजली, हे सारे संवाद संपले. त्यांच्या जागी नवे संवाद आले आहेत. शिमानोची मुख्य बॅटरी सीटच्या नळीत दडलेली असते आणि ती पुढचा-मागचा असे दोन्ही डिरेलर पोसते; स्रॅममध्ये प्रत्येक डिरेलरच्या पाठीवर त्याची स्वतःची छोटी बॅटरी असते आणि मागची संपली तर पुढची काढून मागे लावता येते, म्हणजे घरी पोचण्यापुरता पुढचा भाऊ उपाशी राहून मागच्याला जगवतो. ही सोय ऐकून मी इतका भारावलो की दोन दिवस मी स्रॅमचाच होतो. नंतर मी माझ्या टेबलाकडे पाहिले. तिथे फोन, घड्याळ, पुढचा दिवा, मागचा दिवा आणि वेग मोजायचे यंत्र अशी पाच लेकरे एका चार्जरभोवती रांगेत उभी होती आणि त्यांतले एक तरी रोज उपाशी झोपते हे मला ठाऊक होते. या पंगतीत आणखी कोणाला बसवणे हा अन्याय ठरला असता. मी केबलच्या बाजूने कौल दिला. मित्रांना मात्र मी असे सांगितले की, मला यंत्राशी थेट नाते हवे असते.

यानंतर हातांची परीक्षा झाली. तीन स्नेह्यांच्या तीन सायकली मी आळीपाळीने मागून घेतल्या. शिमानोत ब्रेकचा दांडाच आतल्या बाजूला ढकलला की गिअर एका दिशेने बदलतो आणि त्यामागची छोटी पट्टी ढकलली की दुसऱ्या. स्रॅमच्या केबलवाल्या शिफ्टरमध्ये पट्टी एकच असते. उजवीकडची ती पट्टी थोडी ढकलली तर गिअर जड होतो आणि जास्त ढकलली तर हलका. कॅम्पान्योलोत ब्रेकचा दांडा फक्त ब्रेक लावतो, मागची पट्टी फक्त एका दिशेचे काम करते आणि परतीचे काम अंगठ्याकडच्या कळीकडे असते. प्रत्येकाने आपापले काम पाहावे ही त्या घराण्याची शिस्त. तिन्ही पद्धती उत्तम आहेत. गोम अशी की, माझ्या बोटांना पहिल्या दिवसाची पद्धत दुसऱ्या दिवशी आठवायची आणि दुसऱ्या दिवसाची तिसऱ्या दिवशी. त्यामुळे चढावर दम लागलेला असताना अंगठा, तर्जनी आणि मधले बोट ही तिन्ही एकाच वेळी आपापल्या घराण्याची बंदिश गाऊ लागली आणि मी ऐन चढात सर्वांत जड गिअर टाकून, विचारवंतासारखा, जागच्या जागी थांबलो. यात सायकलीचा काडीचाही दोष नव्हता. सायकलीच्या मालकाने मात्र त्यानंतर आपली सायकल परत मागितली.

आता उरला होता तो सर्वांत मोठा प्रश्न, आणि माझ्या सहा आठवड्यांपैकी निम्मे त्यानेच खाल्ले. तो दातांचा होता.

मागची चकती जितकी लहान तितका वेग जास्त, आणि जितकी मोठी तितका चढ सोपा. शिमानोच्या बारा चकत्यांच्या रोडच्या कॅसेटची सर्वांत लहान चकती ११ दातांची असते. स्रॅमने आपल्या बारा चकत्यांच्या संचात ती १० वर आणली आणि पुढच्या चकत्याही त्या मानाने लहान केल्या. पुढे ५० आणि मागे ११ दात असतील तर पेडलच्या एका फेरीत मागचे चाक सुमारे ४.५५ वेळा फिरते. पुढे ४८ आणि मागे १० असतील तर ४.८ वेळा. चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर धरला आणि पेडल मिनिटाला ९० वेळा मारले, तर पहिल्या जोडीत ताशी साडेएक्कावन्न किलोमीटरचा वेग मिळतो आणि दुसऱ्या जोडीत ताशी चोपन्नाच्या थोडा वर. हे तीन किलोमीटर सोडून द्यायला माझे मन तयार होईना. शिवाय दातांची संख्या घटली की चेनला अधिक तीव्र वळण घ्यावे लागते आणि घर्षणात थोडी शक्ती वाया जाते असा प्रतिपक्ष होताच. त्याचेही मी पान भरून गणित केले. मध्यरात्री एका हातात पेन्सिल धरून, ताशी ५१ ने जावे की ५४ ने, अशा विवंचनेत मी बसलेलो असे. त्या वेळी कोणी 'आजवर तुम्ही ताशी किती वेगाने पेडल मारले आहे?' असे विचारले असते तर फार उपकार झाले असते, पण घरातील सर्व सुज्ञ माणसे झोपलेली असत.

तो प्रश्न अखेर एका मेकॅनिकने विचारला, तोही तोंडाने नव्हे. जुन्या सायकलीची देखभाल तोच करीत असे. मी कोष्टक उघडून त्याच्यापुढे धरले. त्याने ते आदराने पाहिले, आदरानेच बाजूला ठेवले आणि म्हणाला, "काका, जुन्या सायकलीचे मागचे चाक काढून देता का?" मी बावन्न वर्षांचा आहे आणि 'काका' या संबोधनाला माझी तत्त्वतः हरकत नाही, पण ग्रुपसेटच्या चर्चेत ते येऊ नये असे मला वाटते.

त्याने कॅसेट सोडवली, फडक्याने पुसली आणि चकत्या एकेक करून बाकावर ओळीने मांडल्या. एकूण दहा, सर्वांत लहान १२ दातांची, सर्वांत मोठी २८ ची. सात वर्षे मी ती कॅसेट वापरली होती. मोठ्या बाजूच्या तीन चकत्यांचे दात एका अंगाने झिजून माशाच्या परासारखे कललेले होते, मधल्यांवर वापराचा काळपट मुलामा होता, आणि १२, १३ व १४ दातांच्या चकत्या अशा लखलखत होत्या की त्या खोक्यातून नुकत्याच काढल्या आहेत असे कोणालाही वाटावे. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण ते इतके स्वच्छ पुसून, ओळीने मांडून मला कोणी दाखवले नव्हते. ताशी ५१ की ५४ हा माझा तीन आठवड्यांचा खटला त्या लखलखीत चकत्यांवर चालला होता, आणि माझा सारा संसार २३, २५ आणि २८ वर झाला होता.

त्या बाकाशीच उरलेले सगळे पाच मिनिटांत निकालात निघाले. केबलवर चालणारा, बारा चकत्यांचा १०५ घ्यायचा, जो शिमानोने २०२३ साली आणला. पुढे ५० आणि ३४ दातांच्या चकत्या ठेवायच्या. स्रॅम आणि कॅम्पान्योलो यांच्यात काही उणे होते म्हणून नव्हे, तर माझी बोटे गेली सात वर्षे शिमानोच्याच पद्धतीने वळत आली होती आणि या वयात त्यांना नवी भाषा शिकवायची माझी तयारी नव्हती म्हणून. एकोणीस रकान्यांच्या कोष्टकात बोटांच्या सवयीचा रकाना नव्हता, हे मी तेव्हाच पाहिले.

शेवटी प्रश्न उरला तो कॅसेटचा. ती दोन प्रकारची मिळत होती, ११ ते ३४ आणि ११ ते ३६. मेकॅनिकने झिजलेल्या चकत्यांकडे एकदा पाहिले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "छत्तीसची घ्या, काका."

मी वर म्हटल्याप्रमाणे माझी तत्त्वतः हरकत नाही. पण त्या क्षणी मला टूर दे फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज आठवले. बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत, खऱ्या गड्याने स्नायूंच्या बळावर जिंकावे, अशा अर्थाचे त्यांचे मत प्रसिद्ध आहे, आणि त्यांच्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडावे लागले. मी पंचेचाळिशी ओलांडून सात वर्षे झाली होती, म्हणजे देग्रांज यांच्या हिशेबानेही मला सर्व गिअर माफ होते. तरीही ३६ दातांची ती चकती मला ताटाएवढी दिसू लागली. पुढच्या ३४ ला मागे ३४, म्हणजे पेडलच्या एका फेरीला चाकाची बरोबर एक फेरी. हे गुणोत्तर कसे स्वच्छ, पूर्णांकी आणि पुरुषार्थाला शोभेसे वाटत होते. छत्तीस घेतली तर ते ०.९४ होते, म्हणजे आपण पाय एकदा फिरवला तरी चाक पुरते एकदाही फिरत नाही. मी ठामपणे चौतीस म्हणालो. त्याने काही न बोलता चौतीस लिहून घेतले.

सायकल आली, हिरवी आणि देखणी. गिअर असे बदलतात की ऐकू येऊ नये. पहिल्या रविवारी मी तिला एका लांब चढावर नेले. सपाटीवर अर्धा तास मी ११ दातांची चकती मुद्दाम वापरून पाहिली, निदान तिच्या अंगाला चेन तरी लागावी म्हणून. मग चढ सुरू झाला. चढाच्या पहिल्या एक-तृतीयांशातच मी सर्व चकत्या ओलांडून चौतीसवर येऊन बसलो. पुढच्या एक-तृतीयांशात वेग ताशी साडेसातवर आला आणि माझ्या उजव्या हाताने, मला न विचारता, ब्रेकचा दांडा पुन्हा एकदा आत ढकलला. काही झाले नाही. शिल्लक चकती नव्हती. थोड्या वेळाने त्याने पुन्हा ढकलला, या आशेने की मघाशी आपल्या मोजण्यात चूक झाली असेल. मागे वळून मी मांडीच्या आडून कॅसेटकडे पाहिलेही. चेन सर्वांत मोठ्या चकतीवर बसली होती.

मग मी त्या चढावर, सायकल चालवता चालवता, चौतीस भागिले छत्तीस पुन्हा एकदा तोंडी करून पाहिले. फरक साडेपाच टक्के येतो.