लिव्हरपूलच्या घड्याळातली वीज: एका प्रचलित समजाचा प्रतिवाद

लिव्हरपूलच्या रॉयल लिव्हर बिल्डिंगचे छायाचित्र आणि त्याखाली चार-पाच ओळींचा मजकूर घड्याळांची आवड असलेल्या लोकांत वारंवार फिरताना दिसतो. त्याचा आशय असा: या घड्याळाच्या तबकड्या लंडनच्या बिग बेनपेक्षा मोठ्या असल्या तरी ते साधे विजेचे घड्याळ आहे, म्हणून त्यात कारागिरी नाही, ते घरातल्या प्लगवरच्या घड्याळासारखे वीजपुरवठ्यावर चालते आणि वीज गेली की थांबते, विजेच्या घड्याळांना अचूकता क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकाच्या कंपनांवर चालणारी घड्याळे, आल्यावरच मिळाली, आणि ते बनवणारी लेस्टरची जेंट कंपनी मुळात फायर अलार्मवाली, घड्याळे हा तिचा जोडधंदा. यातले तबकड्यांचे माप तेवढे खरे आहे. लिव्हर बिल्डिंगच्या तबकडीचा व्यास २५ फूट आहे आणि बिग बेनच्या तबकडीचा सुमारे २३ फूट. बाकीचा मजकूर मात्र एका बुद्धिमान यंत्रावर आणि ते घडवणाऱ्या माणसांवर अन्याय करणारा आहे.

प्लगवरच्या घड्याळाशी केलेली तुलना तारखांच्या कसोटीवरच टिकत नाही. तसले घड्याळ वीजपुरवठ्यातली आवर्तने, म्हणजे प्रवाहाची दिशा उलटसुलट होण्याचे फेरे, मोजून वेळ दाखवते आणि त्यासाठी ती आवर्तने वीजकेंद्राने काटेकोरपणे सांभाळावी लागतात. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय वीजजाळ्याचा कायदा १९२६ साली झाला आणि अशी घड्याळे घरोघर पोहोचली ती १९३० नंतरच्या दशकात. लिव्हर बिल्डिंगचे घड्याळ सुरू झाले २२ जून १९११ रोजी, पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या दिवशी. त्या काळी ब्रिटनमधल्या एका गावात एकदिश प्रवाह, तर शेजारच्या गावात वेगळ्याच आवर्तनांचा प्रत्यावर्ती प्रवाह, अशी स्थिती होती. त्या विजेकडून वेळ घेणे शक्यच नव्हते.

मग वेळ येत होती कुठून? लंबकाकडून. जेंटची 'पल्सिनेटिक' नावाची पद्धत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. तिच्यात एका शांत खोलीत मुख्य घड्याळ असते आणि त्याचा लंबक सेकंदाला एक झोका घेतो. तीस झोके झाले की, म्हणजे दर अर्ध्या मिनिटाने, एक छोटी तरफ सुटते, स्वतःच्या वजनाने खाली येताना लंबकाला हलका रेटा देते आणि खाली पोहोचताच विजेची जोडणी पुरी करते. त्याबरोबर विद्युतचुंबक तिला पुन्हा वर फेकतो आणि प्रवाहाचा तोच ठोका तारेवरून इमारतीतल्या प्रत्येक तबकडीपर्यंत जाऊन तिचा काटा अर्धा मिनिट पुढे सरकवतो. लंबकाला रेटा मिळतो तो गुरुत्वाकर्षणाचा. विजेकडे काम आहे तरफ उचलण्याचे आणि निरोप पोहोचवण्याचे. तीही वीज बॅटरीतून येते, त्यामुळे बाहेरचा पुरवठा खंडित झाला म्हणून असे घड्याळ लगेच थांबत नाही.

कारागिरीचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. खोलीतल्या लहान तबकडीचा काटा विजेच्या एका ठोक्याने हलतो, पण लिव्हर बिल्डिंगचा मिनिटकाटा १४ फुटांचा आहे आणि मर्सी नदीवरचा वारा त्याला कधी पुढे ढकलतो, कधी मागे दाबतो. अशा काट्यासाठी जेंटने 'वेटिंग ट्रेन' ही रचना वापरली. तिच्यात मनोऱ्यातच एक दुसरा, जड लंबक असतो, आणि त्याचे काम वेळ राखण्याचे नसून ताकद पुरवण्याचे असते. तो प्रत्येक झोक्याला दातेरी चाक एकेक दात सरकवत काटे हाकतो, अर्ध्या मिनिटाची वाटचाल थोडी आधीच पुरी करतो, आणि मग चाकापासून सुटून मोकळा झुलत मुख्य घड्याळाच्या ठोक्याची वाट पाहतो. ठोका आला की पुन्हा कामाला लागतो. काट्यांवर वाऱ्याचा किंवा बर्फाचा भार आला की त्याचा झोका आखडतो, आणि झोका आखडला की विद्युतचुंबकाकडून त्याला अधिक वेळा रेटा मिळतो. जितके ओझे, तितकीच ताकद, आणि तीही माणसाने हात न लावता! बिग बेनच्या घड्याळाची वजने आठवड्यातून तीनदा चावी देऊन वर चढवावी लागतात. इथे उचलून ठेवायची वजनेच नाहीत. ज्याला यात कारागिरी दिसत नाही, त्याने ही रचना एकदा चालताना पाहावी.

अचूकतेबद्दल थोडक्यात सांगता येईल. पहिले क्वार्ट्झ घड्याळ १९२७ सालचे. त्याआधीच, १९२१ साली, विल्यम शॉर्ट या रेल्वे अभियंत्याने जेंटच्या स्पर्धक सिंक्रोनोम कंपनीच्या फ्रँक होप-जोन्स यांच्याबरोबर केलेले विजेचे लंबकघड्याळ एडिनबरोच्या वेधशाळेत लागले होते. त्याचा मुख्य लंबक निर्वात टाकीत झुलत असे आणि वर्षाला सुमारे एका सेकंदाइतकी अचूकता त्याने गाठली होती.

राहिला जोडधंद्याचा आरोप. जॉन टॉमस जेंट यांनी १८७२ साली लेस्टरमध्ये सुरुवात केली ती विजेच्या घंटा आणि तत्सम उपकरणांपासून. फायर अलार्म आणि घड्याळे या दोन्ही त्याच खोडाच्या फांद्या होत, कारण दोन्हींची सामग्री एकच: बॅटरी, तारेचे वेटोळे, विद्युतचुंबक आणि खात्रीची जोडणी. मुख्य घड्याळाची तार कुठे तुटली तर त्या तारेवरच्या सगळ्या तबकड्या एकाच वेळी थांबतात, हा त्या पद्धतीचा खरा दोष आहे आणि तो मान्य केला पाहिजे. बंद मंडलाच्या फायर अलार्ममध्ये मात्र हाच दोष गुण ठरतो. तिथे प्रवाह सतत वाहत असतो आणि काच बटणाला दाबून धरते. काच फुटली की बटण उसळते, प्रवाह तुटतो आणि घंटा वाजते, आणि वाटेत तार तुटली तरीही ती वाजते.