‘पूर्वी वृद्धाश्रम नव्हते’ हे खरं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हापुन्हा येणारा मजकूर असा: “शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात एकही वृद्धाश्रम नव्हता. एकत्र कुटुंबात म्हाताऱ्याला कुणी वाऱ्यावर सोडत नसे. ही सगळी इंग्रजी शिक्षणाची देणगी.”

पहिलं वाक्य पुण्यातच खोटं ठरतं. नवी पेठेतला ‘निवारा’ म्हणजे मूळचं डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह, 1860च्या दशकातलं. मुंबईत बेलासिस रोडला जमशेटजी जीजीभाईंची धर्मशाळा होती. तीही वाटसरूंसाठी नव्हे, म्हाताऱ्या, आंधळ्या, निराधार माणसांसाठी.

कुटुंबाबद्दल तर सरकारी कागद फार स्पष्ट बोलतात. 1876-78च्या दुष्काळानंतर आयोग बसला, 1880 साली अहवाल आला आणि त्यातून फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळात सरकारने मदत कशी करायची याचे नियम, तयार झाले. गावात फुकट मदत कुणाला द्यायची, ते त्यांत लिहिलंय: आंधळे, पांगळे, वयामुळे किंवा अशक्तपणामुळे कमावू न शकणारे. पुढे अट आहे, की रिवाजाप्रमाणे सांभाळायला बांधलेले आणि तेवढी ऐपत असलेले नातेवाईक त्यांना नसावेत. ही अट दोनदा वाचा. कुणी नसलेला, किंवा घरचेच उपाशी असलेला म्हातारा इतका नेहमीचा होता की त्याच्यासाठी कलम घालावं लागलं. निराश्रितांसाठी पूअरहाउसची, म्हणजे त्यांना ठेवून घेऊन खायला घालणाऱ्या सरकारी घरांची, तरतूद वेगळी होती.

मुंबईचं चित्र आणखी कठीण. 1911च्या शिरगणतीत शहरातले शेकडा 80 लोक बाहेर जन्मलेले होते. कोकणातून, घाटावरून पुरुष एकटेच यायचे, बायकापोरं गावी. गिरणीत हात गेला तर भरपाई मिळवून देणारा कायदा 1923 साली आला. अशा माणसाला एकत्र कुटुंब होतंच की, पण ते त्याच्याच मनीऑर्डरीवर जगत होतं!

इंग्रजी शिक्षणाचं म्हणाल, तर 1901 साली देशात शंभरात जेमतेम पाच-सहा जणांना लिहितावाचता येत होतं. पूअरहाउसच्या दारात आलेल्यांच्या मुलांवर हा आळ घेणं अन्यायाचं आहे.

एवढं मात्र खरं, की महिन्याचे पैसे भरून राहायचे वृद्धाश्रम अलीकडचे. पण 1901 साली देशात साठीपुढचे लोक सुमारे 1.2 कोटी होते, 2011 साली 10 कोटींच्या वर गेले. माणसं वाढली, तशी सोयीची गरजही वाढली.

ज्यांना स्वतः पडताळायचंय, त्यांनी मुंबईच्या पुराभिलेखागारात ‘वृद्धाश्रम’ शोधत बसू नये. महसूल खात्याच्या दुष्काळाच्या फाइली मागवाव्यात. ही माणसं तिथे आहेत.