कॅट काढलं, पीयूसी मिळाली, म्हणून गाडी स्वच्छ झाली का?

मॉडिफाइड गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आणि रीलांमधून एक दावा गेली काही वर्षं फिरतो आहे. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो. टर्बो पेट्रोल गाडी घ्या, ईसीयू (इंजिनाचा संगणक) रीमॅप करा, म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर बदला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू निवळणारा भाग) काढून सरळ डाऊनपाईप (टर्बोपासून निघणारा एक्झॉस्टचा नळ) टाका, तरी पीयूसी (प्रदूषण तपासणी) पास होते. म्हणजे कॅट हा कंपन्यांनी उगाच घातलेला अडथळा आहे. सर्टिफिकेट हातात आलं की गाडी स्वच्छही आणि कायदेशीरही. नाहीच पास झाली तर टाकीत थोडं थिनर किंवा ॲसिटोन ओता. परदेशात तर कुणी विचारतही नाही. आणि रस्त्यावर एवढे ट्रक काळा धूर ओकत असताना आपल्या एका गाडीनं असा काय फरक पडतो?

मला वेगवान गाड्या मनापासून आवडतात. नीट केलेला रीमॅप ही मेहनतीची, अभ्यासाची कला आहे असं मी मानतो. त्यामुळेच हा दावा वाचून त्रास होतो. यातला एकेक मुद्दा घेऊ.

‘कॅट काढूनही पीयूसी पास होते’

आधी पीयूसीत काय मोजतात ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११५ नुसार बीएस-४ (भारत स्टेज ४ हा प्रदूषणाचा निकष) आणि त्यानंतरच्या पेट्रोल चारचाकीला आयडलवर (गाडी उभी, पेडल न दाबता) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम एवढीच मुभा आहे. मग इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास धरून दुसरी मोजणी होते. तिथे कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत लागतो आणि लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाच्या मिश्रणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो.

आता इंजिनाकडे या. पेट्रोल इंजिन अगदी बरोबर मिश्रणावर, लॅम्डा १ वर चाललं तरी सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त असतो. ज्वलन कधीच पूर्ण होत नाही, म्हणून. हा आकडा ०.२ च्या खाली आणायचं काम कॅट करतं. रीमॅप कितीही कसलेल्या माणसानं केलेला असला तरी ते त्याच्या आवाक्यात नाही. म्हणून कॅट नसलेली बीएस-४ किंवा बीएस-६ गाडी दोन्ही मोजण्यांत आरामात पास झाली, तर मला पहिली शंका मोजणीची येते.

मोजणी चुकायला बऱ्याच वाटा आहेत. सायलेन्सरमध्ये प्रोब (वायू खेचणारी मशीनची नळी) निदान ३०० मिलिमीटर आत जायला हवा. तो तोंडाशीच टेकवला की बाहेरची हवा मिसळते आणि आकडे सुंदर दिसतात. एक्झॉस्टचा जोड ढिला असला तरी तेच. अशी मिसळलेली हवा लॅम्डाच्या आकड्यात पकडली जाते, कारण ऑक्सिजन वाढला की लॅम्डा १.०३ च्या वर जातो. पण त्यासाठी २५०० आरपीएमची मोजणी खरोखर करावी लागते. ती टाळली, किंवा मशीनमध्ये जुन्या गाडीची मर्यादा निवडली, की सगळंच सोपं होतं. बीएस-४ च्या आधीच्या, कॅट असलेल्या गाडीला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएमची मुभा आहे. त्याहून जुन्या गाड्यांना थेट ३ टक्क्यांची. दिल्लीतल्या वाहन प्रदूषणावरचा कॅगचा (महालेखापरीक्षकांचा) अहवाल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मर्यादेबाहेर असूनही एक लाखाहून जास्त गाड्यांना प्रमाणपत्रं दिली गेली, अशी नोंद त्यात आहे. तेव्हा ‘पास झाली’ एवढ्या दोन शब्दांवर मी विश्वास ठेवणार नाही. रील टाकणाऱ्यानं दोन्ही मोजण्यांचे आकडे आणि लॅम्डा दाखवावा, मग बोलू.

‘पास झाली म्हणजे गाडी स्वच्छ’

हा सगळ्यात खोलवर रुजलेला गैरसमज आहे, आणि प्रामाणिकपणे पास झालेल्या गाडीलाही तो लागू होतो. पीयूसीत गाडी जागेवर उभी असते. इंजिनावर भार नसतो, टर्बो जवळजवळ झोपलेला असतो. नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत, आणि ते तयार होतात सिलिंडरमधल्या प्रचंड तापमानात, म्हणजे भार असताना. परफॉर्मन्स गाडीत आपण बूस्ट (टर्बोनं ढकललेल्या हवेचा दाब) वाढवतो तेव्हा नेमका हाच भाग बदलतो. नायट्रोजन ऑक्साइडचं पुन्हा नायट्रोजनमध्ये रूपांतर करणारं गाडीत एकच यंत्र असतं: थ्री-वे कॅट, आणि त्यातही मुख्यतः ऱ्होडियम हा धातू. ते काढल्यावर वायू तसाच बाहेर येतो आणि पीयूसीच्या मशीनला त्याची खबरही लागत नाही.

पेडल पूर्ण दाबल्यावर आणखी एक गोष्ट घडते. टर्बाइन आणि पिस्टन फार तापू नयेत, नॉकिंग (मिश्रणाचं अवेळी पेटणं) होऊ नये म्हणून ईसीयू जादा पेट्रोल टाकतो. मिश्रण घट्ट झालं की कार्बन मोनॉक्साइड एकदम काही टक्क्यांवर जातो. आक्रमक रीमॅपमध्ये हे जास्त प्रमाणात आणि जास्त वेळा होतं. आयडलवर मोजून हे कधीच दिसणार नाही. डायरेक्ट इंजेक्शन इंजिनातून निघणारे अतिसूक्ष्म कणही नाहीत. बीएस-६ मध्ये अशा गाड्यांसाठी किलोमीटरमागे ६० हजार कोटी कणांची मर्यादा आहे. पीयूसी केंद्रात त्यांतला एकही मोजला जात नाही.

बीएस-६ची खरी परीक्षा वेगळीच असते. पुण्यात एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या चक्रानं पळवतात आणि पिशव्यांत गोळा केलेला वायू मोजतात. १ एप्रिल २०२३ पासून तर उपकरणं गाडीवर लादून खऱ्या रस्त्यावरही मोजणी होते. यामागे २०१५ चं फोक्सवॅगन प्रकरण आहे. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्या प्रयोगशाळेत नियमात बसत होत्या, आणि रस्त्यावर त्यांचे नायट्रोजन ऑक्साइड कैक पटींनी जास्त निघत होते. प्रयोगशाळेतल्या कडक चाचणीला जर असं चकवता येतं, तर जागेवर उभ्या गाडीच्या दोन-पाच मिनिटांच्या मोजणीवरून गाडी स्वच्छ कशी ठरवायची? पीयूसी ही बिघडलेल्या गाड्या शोधण्याची चाळणी आहे. बदललेल्या गाडीला शिफारसपत्र द्यावं म्हणून ती बनवलेलीच नाही.

‘सर्टिफिकेट आहे म्हणजे कायदेशीर आहे’

नाही. पीयूसी आणि बदलांची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्यानं मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ(४) खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हवा प्रदूषणाच्या निकषांचा भंग झाला तर कलम १९०(२) वेगळं: पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र.

यावर ट्यूनर मंडळींचा ठरलेला युक्तिवाद असतो की आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) कॅटचा उल्लेखच कुठे आहे. पण आजच्या आरसीवर ‘भारत स्टेज ६’ हा निकष लिहिलेला असतो. ज्या भागामुळे गाडी त्या निकषात बसली तोच काढून टाकल्यावर कागद आणि गाडी एकमेकांशी जुळतात असं कुणी सांगितलं, तर मला ते पटत नाही.

‘थिनर टाका, पास होईल’

कार्ब्युरेटरच्या जमान्यात इंधनात अल्कोहोलसारखं काही मिसळल्यानं मिश्रण पातळ (इंधन कमी, हवा जास्त) होऊन आकडा खाली यायचा. आजच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर मिश्रण क्षणाक्षणाला तपासतो आणि ईसीयू ते पुन्हा लॅम्डा १ वर आणून ठेवतो, त्यामुळे हाती काहीच लागत नाही. उलट इंधन पंप, सील आणि रबरी नळ्या खराब होऊ शकतात. ज्वालाग्राही रसायनाचा डबा घेऊन पंपाबाहेर टाकीत ओतत बसणं तर सरळ धोक्याचं आहे. कुणी सांगितलं तरी हे करू नका.

‘परदेशात सगळं चालतं’

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या एखाद्या मराठी गाडीवेड्याला विचारा. तिथल्या स्मॉग चेकमध्ये आधी डोळ्यांनी तपासणी होते. एक्झॉस्ट किंवा इनटेकचा बदललेला भाग असेल तर त्याला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो; नसेल तर धूर कितीही स्वच्छ असला तरी गाडी नापास. २००० नंतरच्या पेट्रोल गाड्यांत ओबीडी पोर्टमधून (गाडीच्या संगणकाला जोडायच्या सॉकेटमधून) माहिती वाचली जाते, आणि जुलै २०२१ पासून ईसीयूतलं सॉफ्टवेअर मूळ आहे की बदललेलं, हेही तपासलं जातं. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत डिझेलचा डीपीएफ (धुरातले कण अडवणारा फिल्टर) काढलेला आढळला की २०१४ पासून गाडी नापास होते. जर्मनीनं १ जुलै २०२३ पासून नव्या पिढीच्या डिझेल गाड्यांचे कण मोजायला सुरुवात केली; मर्यादा दर घन सेंटिमीटरला २,५०,०००. आपल्याकडे डीपीएफ काढून ‘धूर दिसत नाही’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. डीपीएफ अडवतं त्यातले बहुतेक कण मुळात डोळ्यांना दिसतच नाहीत.

‘एका गाडीनं काय होतं?’

गरम झालेलं, धडधाकट कॅट कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड या तिन्ही वायूंचा ९० टक्क्यांहून जास्त भाग संपवतं. म्हणजे कॅट काढलेली एक गाडी तशाच दहा किंवा अधिक गाड्यांएवढा वायू सोडते. ट्रकांचा धूर हा खरा आणि मोठा प्रश्न आहे, त्यावर जरूर बोललं पाहिजे. पण सिग्नलला आपल्या मागे थांबलेल्या दुचाकीस्वाराच्या नाकात आपलंच एक्झॉस्ट जातं.

‘कॅट ठेवलं तर पॉवर मिळत नाही’

हा दावा पसरतो तो मुळात या भीतीमुळे. टर्बो पेट्रोल गाडीत रीमॅपनं मिळणारी बहुतेक वाढ बूस्ट आणि इग्निशन टायमिंगमधून (ठिणगी पडण्याच्या क्षणातून) येते, आणि ती मूळ कॅट ठेवूनही मिळते. पुढचं पाऊल टाकायचंच असेल तर बीएस-६ साठी प्रमाणित केलेला भागच मागा. रिकामा नळकांडा ‘स्पोर्ट्स कॅट’ म्हणून खपवणारे बरेच आहेत. कॅटच्या आतली जाळी चौरस इंचाला २०० सेलची (छिद्रांची) की ४०० ची हे विचारा. कमी सेल म्हणजे प्रवाह मोकळा, पण वायूला मिळणारा पृष्ठभागही कमी.

‘पॉप्स अँड बँग्ज’चा, म्हणजे एक्झॉस्टमधून फटाक्यांसारखे आवाज काढणारा, मॅप मात्र टाळाच. त्यात इंधन एक्झॉस्टमध्ये जळतं आणि ९००-१००० अंशांच्या पुढे कॅटमधल्या प्लॅटिनम-पॅलेडियमचे कण एकमेकांना चिकटून निकामी होतात.

मग पीयूसीला जाण्याआधी पाऊण तास गाडी व्यवस्थित चालवा आणि थेट केंद्रावर न्या, कारण कॅट अडीचशे-तीनशे अंशांच्या वर गेल्याशिवाय कामालाच लागत नाही. एक्झॉस्टचे जोड तपासा. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि कार्बन मोनॉक्साइड चढतो. हायड्रोकार्बन जास्त आले तर प्लग आणि कॉइल बघा. जास्त ओव्हरलॅपचा कॅम (दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवणारा) बसवला असेल तर आयडलवर ते वाढणारच, तेव्हा रस्त्यावरच्या गाडीत तो नकोच. केंद्रावर २५०० आरपीएमची मोजणी करायला सांगा आणि पावतीवरचा लॅम्डा वाचूनच घरी या.