पाकीटवाले

सकाळी घरच्या ग्रुपवर एका भाच्याने टाकलं, "पत्रकार म्हणजे पाकीट. पाकीट जाड तर बातमी गायब." खाली अकरा जणांचे हसून रडणारे चेहरे. त्यातल्या चौघांनी लहानपणी आमच्या ओसरीवर बसून माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, साप्ताहिकावर पत्ते चिकटवलेत. मी कुकर लावला होता, शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. भात करपला.

पाकिटाचीच गोष्ट सांगते. पश्चिम आफ्रिकेत गांबिया नावाचा देश आहे, सेनेगलच्या पोटात नदीकाठाने घुसलेली चिंचोळी पट्टी. तिथे देयदा हायदारा यांनी पाप सेन या मित्राबरोबर १६ डिसेंबर १९९१ रोजी 'द पॉइंट' हे वर्तमानपत्र काढलं. शिवाय एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेला बातम्या द्यायचे. त्यांच्या सदराचं नाव 'गुड मॉर्निंग, मिस्टर प्रेसिडेंट'. आणि प्रेसिडेंट कोण, तर १९९४ साली बंड करून खुर्चीत बसलेला लष्करी अधिकारी, याह्या जामे. (पुढे याच माणसाने एड्सवर जडीबुटीचा इलाज शोधल्याचं जाहीर केलं. असो.) अशा माणसाला सुप्रभात म्हणायला काय काळीज लागत असेल!

आमच्याकडे एक गृहस्थ आले होते. अण्णांनी पाण्याच्या टँकरच्या खोट्या फेऱ्यांवर दोन भाग छापलेले, तिसरा पुढच्या अंकात. गृहस्थांनी चहा बशीत ओतून प्यायला, आईच्या पोह्यांचं कौतुक केलं. उठताना माझ्याकडे बघून म्हणाले, "मुलगी कितवीत? शाळेत एकटीच जाते का?"

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही.

डिसेंबर २००४ मध्ये गांबियाच्या संसदेने दोन कायदे मंजूर केले. बदनामीकारक लिहिलं तर तुरुंग, आणि वर्तमानपत्र चालवायचं तर हमीची रक्कम एक लाखावरून पाच लाख डलासी (तिथलं चलन). हायदारांनी उघड विरोध केला. दोनच दिवसांनी, १६ डिसेंबरला, 'द पॉइंट'चा तेरावा वाढदिवस होता. रात्री कार्यक्रम आटोपून ते दोन सहकारी बायकांना गाडीने सोडायला निघाले आणि वाटेत गोळ्या झाडल्या. ते गेले, त्या दोघी जखमी झाल्या. पोलिसांना मारेकरी काही सापडेनात. सापडतील कसे?

जामे निवडणूक हरून २०१७ साली देशाबाहेर पळाला, तेव्हा कुठे तोंडं उघडली. २०१९ मध्ये सत्यशोधन आयोगापुढे एका सैनिकाने कबूल केलं की गोळ्या झाडणाऱ्यांत मी होतो, आणि दुसऱ्या दिवशी मला डॉलरचं पाकीट मिळालं.

पाकीट! वाचलंस ना रे भाच्या? ते पत्रकाराकडे नाही, मारेकऱ्याकडे पोचलं होतं. टाक आता हसरा चेहरा.

हो, आहेत पाकीटं घेणारे, तालुक्यागणिक आहेत, मला तोंडपाठ आहेत. पुढे.

मारेकऱ्यांच्या गाडीवर जो ड्रायव्हर होता, त्याला ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जर्मनीत, त्सेले शहरातल्या कोर्टाने जन्मठेप दिली. एकोणीस वर्षं लागली, तीही परक्या देशात. ही बातमी वाचली त्या रात्री मला ती बशी आठवली. फुर्रर्र आवाज आठवला. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तेही.

अण्णांनी तिसरा भाग छापला नाही. त्या जागी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांची अर्ध्या पानाची जाहिरात आली आणि तिचे पैसे अण्णांनी घेतले. म्हणजे भाच्याच्या हिशेबात माझा बापही पाकीटवालाच. त्याच महिन्यात माझी सहामाहीची फी भरली गेली. कुठल्या पैशातून, ते मी कधी विचारलं नाही. बरेच महिने ते मला सायकलवरून शाळेत सोडायचे, फाटकाच्या आत जाईपर्यंत थांबायचे. मला वाटायचं, लाड करतायत.

हायदारांनाही घर होतं, मुलं होती. हे लिहिताना मी अण्णांवर चिडलेय की त्या गृहस्थांवर, मलाच कळत नाहीये.

ग्रुप सोडलेला नाही. भाच्याचा मघाशी फोन आला, "मावशी, गंमत होती गं." हो रे बाबा.

तिसरा भाग लोखंडी पेटीत आहे, अण्णांच्या अक्षरात, निळ्या शाईत. आज काढून पाहिला. पहिल्याच ओळीत तीन टँकरचे नंबर आहेत आणि समासात बारीक अक्षरात लिहिलंय, 'पुढच्या अंकी'.