‘साठ हजार फुकट’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब वाचावा

गेल्या गुरुवारी रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. ‘दादा, यंदा मी स्वाधारचा फॉर्म भरत नाही.’ स्वाधार म्हणजे सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवण्यासाठी मिळणारी मदत. मला वाटलं, एखादा दाखला अडला असेल. तसं काही नव्हतं. तिच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एक मेसेज टाकला होता. त्याला ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांत तिच्या खोलीवरच्या दोघी होत्या. ‘त्यांच्यासमोर कागद काढून बसायला नको वाटतं,’ एवढंच म्हणाली आणि विषय बदलला.

तोच मेसेज माझ्याकडेही दोनदा येऊन गेला होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याचा सारांश असा: कॉलेजच्या पोरांना सरकार दरवर्षी ६० हजार रुपये राहायला-जेवायला फुकट देतं. फी माफ, वर शिष्यवृत्ती, त्याच्यावर हे. एक तारखेला पैसे खात्यात, दोन तारखेला नवा मोबाइल. ठरावीक जातींचीच चैन. सरकारी वसतिगृहं मात्र रिकामी. आम्ही वार लावून जेवलो, माधुकरी मागून शिकलो, पण सरकारपुढे हात पसरला नाही. करदात्यांनो जागे व्हा.

दोन्ही वेळा मी वाचून सोडून दिला होता. आता सोडत नाही, कारण त्या मेसेजमुळे एक मुलगी हक्काचा फॉर्म भरायला लाजते आहे. मी स्वतः दोन वर्षं याच योजनेवर पुण्यात शिकलो आहे, त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

आधी तो ६० हजारांचा आकडा. ज्या योजनेबद्दल ही ओरड आहे ती भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. ६ जानेवारी २०१७ चा तिचा शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडून वाचता येतो. मेसेज लिहिणाऱ्यानं तो उघडलेला नाही. ६० हजार फक्त मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथं शिकणाऱ्यांना. इतर महापालिकांच्या शहरांत ५१ हजार आणि त्याखालच्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. तेही ‘कॉलेजच्या पोरांना’ नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकातला विद्यार्थी, घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, शिकायला स्वतःच्या गावाबाहेर आलेला, शासकीय वसतिगृहासाठी पात्र असून तिथं जागा न मिळालेला, अशा सगळ्या चाळण्यांतून जो खाली उतरेल त्याला. त्यात ७५ टक्के हजेरी लागते. गुणांची अट आहे. सुरुवातीला ६० टक्क्यांची होती, ती पुढे ५० वर आणली. एक विषय गेला, हजेरी घटली, की पुढचा हप्ता धोक्यात. याला फुकट म्हणणाऱ्यानं एकदा ती फाइल तयार करून दाखवावी.

आणि ही रक्कम वर्षाची आहे, हे मेसेज वाचणाऱ्या निम्म्या लोकांच्या ध्यानातच आलेलं नाही. त्या ६० हजारांची फोड शासन निर्णयातच दिली आहे: जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार, निर्वाह भत्ता ८ हजार. ३२ हजारांना ३६५ नं भागा. दिवसाचे ८८ रुपयेसुद्धा होत नाहीत. दोन वेळचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता, सगळं त्यात. कुणी म्हणेल, कॉलेज दहा महिनेच असतं. ठीक, दहा महिने धरा, दिवसाला १०७ रुपये. राहण्याचे २० हजार म्हणजे दहा महिन्यांना महिन्याचे २ हजार. पुण्यात २ हजारांत कॉट मिळते का, हे पेठेतल्या कुठल्याही कॉट बेसिसच्या मालकाला विचारून या.

माझ्या बहिणीच्या खोलीत चार कॉट आहेत. दोन भिंतींना दोन-दोन, मधे एकीनं उभं राहून कपडे बदलायचे तर दुसरीनं कॉटवर पाय घेऊन बसायचं. एका कॉटचे ३ हजार ८०० रुपये, लाइटबिल वेगळं, दोन महिन्यांचं डिपॉझिट आधी. मेसचे दोन वेळचे ३ हजार २००. ती आणि तिची एक मैत्रीण संध्याकाळचा एकच डबा सांगतात. डब्यात चार पोळ्या, एक भाजी, आमटी आणि मूठभर भात येतो. दोन-दोन पोळ्या वाटून घेतात आणि भात ज्या दिवशी जिला जास्त भूक असेल तिला. हे मला तिनं सांगितलेलं नाही. मागच्या महिन्यात तिला भेटायला गेलो तेव्हा डबा उघडताना पाहिलं. परीक्षेच्या आधी गावी गेलं तर मेसवाल्या काकूंना आधी सांगून खाडे धरायचे, म्हणजे पुढच्या महिन्यात चार दिवस वाढवून मिळतात. एकेका खाड्याचा हिशेब ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते. या मुलीनं मोबाइल घेतला म्हणून कुणी हिणवत असेल, तर तो मोबाइल माझा जुना आहे आणि त्याच्या काचेला तडा आहे. वर्गाच्या नोट्स, परीक्षेचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं आज मोबाइलवरच चालतं. तो चैनीत कसा मोडतो, हे मला खरंच समजत नाही.

पण मला सगळ्यात जास्त चीड आली ती ‘एक तारखेला पैसे खात्यात’ या वाक्याची. इतकं धडधडीत खोटं लिहिताना माणसाचा हात कसा अडखळत नाही? ज्यांनी ही योजना घेतली आहे त्यातल्या एकालाही विचारा. महिन्याच्या महिन्याला पैसे येतच नाहीत, हप्ते येतात, आणि हप्ता कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. माझा एका वर्षीचा दुसरा हप्ता परीक्षा होऊन, खोली सोडून, मी गावी परतल्यावर आला. तोवर वर्ष कसं काढलं? मेसवाल्या काकूंच्या उधारीच्या वहीत माझ्या नावाचं एक अख्खं पान होतं. घरमालकाला दर महिन्याला ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणायचो, आणि त्याची गाडी खाली दिसली की मागच्या जिन्यानं वर जायचो. दिवाळीत वडिलांनी सोसायटीतून उचल घेऊन थोडे पैसे पाठवले, तेव्हा दोन महिन्यांचं भाडं चुकलं. हप्ता आला तो व्याजासकट त्या उचलीत गेला. रखडलेल्या हप्त्यांसाठी पोरं मोर्चे काढतात, कचेरीच्या दारात बसतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला माहीत असतं. योजनेवर टीका करायचीच असेल तर इथं करा. मीही तुमच्यासोबत येईन.

‘फी माफ, वर शिष्यवृत्ती, वर हे’ याचं उत्तर लहान आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्याला तिच्यात जो निर्वाह भत्ता मिळतो, तो स्वाधारच्या रकमेतून वजा होतो. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मिळत नाहीत. फी माफीचं म्हणाल तर २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. चांगली गोष्ट झाली. पण शिक्षण शुल्क माफ झालं म्हणून घरमालक भाडं माफ करत नाही. गावाकडच्या किती मुली फी भरता येते पण पुण्यात राहणं परवडत नाही म्हणून तालुक्याच्याच कॉलेजात थांबतात, हे आमच्या भागात घरोघर दिसतं.

‘ठरावीक जातींचीच चैन’ हेही खोटं. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली, तिच्यातही मोठ्या शहरांसाठी तोच ६० हजारांचा आकडा. आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरातली मुलं यातल्या कुठल्या ना कुठल्या योजनेत बसतात. त्यांनी चिडण्याऐवजी अर्ज करावा.

वसतिगृहं रिकामी असल्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. काही तालुक्यांच्या ठिकाणी जागा भरत नाहीत. कारण जिथं इमारत आहे तिथं मुलांना हवा तो अभ्यासक्रम नाही, आणि जिथं अभ्यासक्रम आहे तिथं वसतिगृहाच्या यादीत नाव लागत नाही. तालुक्याला रिकामी पडलेली कॉट पुण्यात इंजिनिअरिंग करणाऱ्याच्या काय कामाची? ती जागा मिळत नाही म्हणूनच तर स्वाधार सुरू झाली. खोटे भाडेकरार जोडून, घरून ये-जा करत पैसे उचलणारे काही जण आहेत, हेही खरं. मी असे दोघं पाहिले आहेत. त्यांना पकडा, वसुली करा. त्यांच्यापायी कागद मात्र आमच्याकडून जास्त मागितले जातात, त्यामुळे त्यांचा राग तुमच्यापेक्षा आम्हाला जास्त आहे.

पोरांना रोख पैशाचीच हाव असते, असाही एक सूर त्या मेसेजमध्ये आहे. त्याला २०१८ च्या जुलैची आठवण द्यावी लागेल. आदिवासी वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात टाकायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा त्याच वसतिगृहांतली मुलं-मुली पुण्याहून नाशिककडे भर पावसात पायी निघाली होती. मागणी काय होती? पैसे नकोत, आमची मेस सुरू करा. पैसे उशिरा येतात, मग आम्ही उपाशी राहतो, असं ती पोरं सांगत होती. हाव असलेली पोरं असं चालत निघत नाहीत.

आता शेवटचा मुद्दा, ‘आम्ही सरकारपुढे हात पसरला नाही’. हा मेसेज मला दुसऱ्यांदा पाठवला तो माझ्या कार्यालयातल्या एका निवृत्तीला आलेल्या साहेबांनी. त्यांचा मी मान ठेवतो. त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं की त्यांचं सगळं कॉलेज ईबीसीवर झालं. ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची, सवलत म्हणजे काय? १९५९ साली यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांची फी सरकारनं उचलली, ती. पुढे ती मर्यादा वाढत गेली आणि साहेबांच्या पिढीतली शेतकऱ्यांची कितीतरी पोरं तिच्यावर पदवीधर झाली. त्याच्याही मागं जा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातीच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला जागा दिल्या, पैसे दिले. कारण त्यांना दिसलं होतं की खेड्यातलं पोर शाळेच्या फीपेक्षा शहरात कुठं राहावं, काय खावं याच्यापाशी अडतं. तेही सरकारच होतं.

आणि वार लावून जेवण्याचं म्हणाल, तर सात वारांना सात घरं लावता यायला त्या सात घरांनी तुम्हाला उंबऱ्याच्या आत घ्यावं लागत होतं. माझ्या आजोबांना कुणाच्या ओसरीवरही बसू दिलं नसतं. त्यांच्या गावच्या शाळेत ते दाराबाहेर बसून शिकले आणि चौथीनंतर गुरं राखायला गेले. ज्यांना माधुकरी मिळाली त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण ती आमच्यासाठी कधीच उपलब्ध नव्हती, आणि त्यासाठी कुणाच्या दयेवर राहावं लागू नये म्हणूनच शासन निर्णय असतो.

शुक्रवारी सकाळी मी हे जवळजवळ असंच बहिणीला फोनवर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. दुपारी उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो मागितला, तो पाठवला. संध्याकाळी परत फोन, घरमालक भाडेकरार करून द्यायला तयार नाही, ‘नंतर भानगड नको’ म्हणतो. सोमवारी रजा टाकली आहे. सकाळच्या गाडीनं पुण्याला जाऊन त्याच्याशी समोर बसून बोलतो. नाहीच म्हणाला तर जो लेखी करार देईल असा दुसरा मालक शोधू. फॉर्म भरायला अजून अकरा दिवस आहेत.